परदेशी जावं की नाही? वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंचं आयुष्य वाचा, मग ठरवा

जऊळका (ता. मालेगाव, जि. वाशिम) : तुरीवर शेवटची फवारणी सुरू होती तेव्हा पुतण्यानं बांधावर विषय काढला. त्याला बाहेर देशात जायचं आहे. पोरगा बावीस वर्षांचा, कृषी पदविका झालेला. दोन वर्षं नोकरी पाहिली, भेटली नाही. घरच्या सोयाबीनचा भाव काय भेटतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आता एका एजंटानं त्याला सांगितलं आहे की पैसे भर, पासपोर्ट दे, तिकडं शेतावर काम आहे.

तेव्हापासून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. आजी म्हणते, अर्धी भाकर खाऊ पण पोट्टं डोळ्यासमोर राहू दे. पोराची आई म्हणते, जाऊ द्या, इथं राहून काय कमावलं आपण. भाऊ काहीच बोलत नाही. तो मला म्हणाला, तू बातम्या लिहितोस, चार गोष्टी वाचतोस, तूच सांग काय करावं.

मलाही लगेच सांगता आलं नाही. पण रात्री पडल्या पडल्या आपल्या विदर्भातल्याच एका माणसाची आठवण झाली. हाच प्रश्न त्याच्यासमोर सव्वाशे वर्षांपूर्वी आला होता. तो गेला, आणि उघड माथ्यानं परत यायला त्याला चाळीसच्या वर वर्षं लागली. त्याचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. आपल्याकडं शाळेच्या पुस्तकात हे नाव फारसं भेटत नाही. तिकडं मेक्सिकोत त्याचं चित्र सरकारी इमारतीच्या भिंतीवर आहे. म्हणून ही गोष्ट पुतण्यासाठी लिहिली, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरात हा विषय सुरू आहे त्या सगळ्यांसाठी.

वर्ध्याचं पोरगं

पांडुरंगचा जन्म १८८४ च्या सुमारास वर्ध्याला झाला. वडील लोकांचे अर्ज लिहून देणारे. म्हणजे कोर्टकचेरीच्या पायरीवर कोण कशासाठी रडत येतो हे त्या घरात रोज ऐकायला येत असणार. प्राथमिक शिक्षण वर्ध्यात झालं, पुढं पोरगा नागपूरला गेला.

तो काळ कसा होता ते ध्यानात घ्या. पांडुरंग बारा ते सोळा वर्षांचा असताना मध्य प्रांत आणि वऱ्हाडात दोन मोठे दुष्काळ पडले. एक १८९६-९७ चा, दुसरा १८९९-१९०० चा. आपल्या आजा-पणज्यांच्या तोंडून ज्या भुकेच्या गोष्टी येत, त्या याच दुष्काळाच्या. कापूस पिकवणारा मुलूख, पण खायला दाणा नाही. रेल्वे होती, तिच्यातून कापूस मुंबईला अन् तिथून विलायतेला जात होता.

त्याच वेळी लोकमान्य टिळकांचं नाव घराघरात पोचलं होतं. पांडुरंग त्या विचारानं भारला गेला. इंग्रजाला हाकलायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. पण कशानं हाकलायचं? बंदूक चालवायला कोणी शिकवत नाही, फौजेचं शिक्षण देशी माणसाला भेटत नाही. आणि उद्या इंग्रज गेलाच, तर उपाशी शेतकऱ्याच्या हाती काय द्यायचं? या दोन प्रश्नांतून त्याचे दोन हेतू ठरले. एक, लष्करी शिक्षण घ्यायचं. दुसरं, शेतीचं शास्त्र शिकायचं. दोन्ही इथं भेटणार नव्हतं, म्हणून बाहेर जायचं.

इथंच एक गोष्ट धरून ठेवा. पोरगा बाहेर गेला तो नुसता इथून सुटायला गेला नव्हता. काय आणायला जातो आहोत हे त्याला माहीत होतं.

जहाज धरलं

साल साधारण १९०६. वय बावीसच्या आसपास, म्हणजे माझ्या पुतण्याएवढंच. टिळकांना तो भेटला होता. जपाननं १९०५ मध्ये रशियासारख्या बलाढ्य देशाला हरवलं होतं, त्यामुळं आशियातल्या सगळ्या पोरांचे डोळे तेव्हा जपानकडं लागले होते. पांडुरंगही तिकडंच निघाला. इंग्रजांच्या जहाजावर नजर असायची, म्हणून त्यानं फ्रेंच कंपनीचं जहाज धरलं.

आज आपलं पोरगं दुबईला उतरलं की पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल करतं. तेव्हा पत्र जायला महिना, उत्तर यायला महिना. त्यातही पत्र मधेच फोडून वाचलं जाण्याची भीती. घरी काय लिहावं आणि काय लिहू नये, याचाही विचार करावा लागे.

जपानमध्ये त्यानं चिनी आणि जपानी देशभक्तांची संगत केली. तिथून समुद्र ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, सॅन फ्रान्सिस्कोला गेला. १९०६ च्या भूकंपानं मोडलेलं ते शहर त्या वर्षांत पुन्हा उभं राहत होतं. त्या किनाऱ्यावर तेव्हा पंजाबातले शेतकरी मोठ्या संख्येनं येत होते. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, फळबागांत मजुरी करत होते. घरची जमीन गहाण टाकून आलेले, पैसा घरी पाठवणारे. तिथले गोरे मजूर त्यांच्यावर चिडून होते, कारण हे कमी मजुरीत जास्त काम करत. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावानं गिरणीतल्या भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर काढलं होतं.

परदेशात गेलेल्या माणसाला पहिला धक्का हाच बसतो. गावात आपण कोणाचे तरी कोणी असतो. तिथं आपण फक्त दोन हात.

दोन शाळा

खानखोजेंनी ठरवल्याप्रमाणं दोन्ही शिक्षणं घेतली. कॅलिफोर्नियात माउंट तामालपाईस नावाची लष्करी शाळा होती, तिथं ते कवायत आणि युद्धशास्त्र शिकले. दुसरीकडं शेतीचं शिक्षण सुरू ठेवलं आणि १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून पदवी घेतली. हे कॉलेज पुलमन गावात आहे. तो भाग आपल्यासारखाच कोरडवाहू. पावसाच्या भरवशावर, जमिनीत ओल धरून गहू काढायची पद्धत तिथं आहे. वर्ध्याच्या पोराला ते शास्त्र का घ्यावंसं वाटलं असेल, हे ज्याच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी राहत नाही त्याला सांगावं लागत नाही.

शिकता शिकता संघटनाही सुरू होती. पोर्टलंडमध्ये त्यांनी भारतीय मजुरांना धरून स्वातंत्र्यासाठी एक संघटना उभी केली. पुढं लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्यासारखी माणसं एकत्र आली आणि गदर पार्टी झाली. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोतून गदर नावाचं वर्तमानपत्र निघालं. खानखोजे या पार्टीच्या पहिल्या फळीतले. लष्करी शिक्षण झालेलं, म्हणून गुप्त आणि लढाऊ कामाची बाजू त्यांच्याकडं होती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रज अडकला आहे, आता उठाव करायचा, असं ठरलं. गदरची माणसं दोन वाटांनी निघाली. बरीच जहाजानं थेट हिंदुस्थानात आली. त्यात एक मराठी पोरगा होता, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. तोही अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला. मार्च १९१५ मध्ये तो मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याच दिवशी, त्याच तुरुंगात कर्तारसिंग सराभा फासावर गेला. कर्तारसिंगचं वय एकोणीस.

खानखोजे दुसऱ्या वाटेनं गेले. तुर्कस्थान, इराक, इराण करत जमिनीच्या रस्त्यानं हिंदुस्थानच्या सरहद्दीवर पोचायचं, वाटेत इंग्रजांच्या फौजेतल्या भारतीय शिपायांना फोडायचं, असा बेत होता. इराणमध्ये तिथल्या टोळ्यांबरोबर ते इंग्रजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. ते मेले अशी बातमीही अनेकदा पसरली. वर्ध्याला ती पोचली असेल तेव्हा घरात काय झालं असेल, त्याचा विचार आपणच करावा.

परतीचा रस्ता बंद

युद्ध संपलं. जर्मनी हरली, उठाव फसला. अमेरिकेत गदरच्या माणसांवर १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला. त्याच काळात अमेरिकेनं आशियातल्या बहुतेक लोकांना येऊन राहायची बंदी करणारा कायदाही केला. हिंदुस्थानात उघडपणे यावं तर फास तयार. तिशी ओलांडलेला, दोन शिक्षणं झालेला माणूस, पण पाय ठेवायला जागा नाही.

मग बर्लिन. १९२१ मध्ये मॉस्को. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि स्वामी विवेकानंदांचे भाऊ भूपेंद्रनाथ दत्त हेही त्या मंडळींत होते. रशियाची मदत भेटते का ते पाहायला हे सगळे गेले होते. तिथूनही हवं ते हाती लागलं नाही.

आता इथं माणूस मोडतो. आयुष्यातली वीस वर्षं ज्यासाठी दिली ते झालं नाही. घरी जाता येत नाही. असे कितीतरी जण त्या काळात युरोपच्या शहरांत कुढत संपले. खानखोजे वाचले ते त्यांच्या दुसऱ्या शिक्षणानं. बंदूक चालली नाही, पण शेतीचं शास्त्र हातात होतं. ते कोणाला हिसकावता आलं नाही.

अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांची ओळख झालेली होती. त्यातले काही जण आता मेक्सिकोत सरकारात होते. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला गेले.

मेक्सिकोची माती

मेक्सिकोत १९१० ते १९२० अशी दहा वर्षं क्रांती चालली होती. मोठ्या जमीनदारांच्या हवेल्या, त्यांच्या हजारो एकर जमिनी, आणि त्यावर राबणारे भूमिहीन. एमिलियानो झापाटा नावाच्या पुढाऱ्यानं जमीन कसणाऱ्याला भेटली पाहिजे म्हणून लढा दिला. क्रांतीनंतर गावांना जमिनी वाटायला सुरुवात झाली. पण जमीन भेटली म्हणजे पीक आलं असं होत नाही. बी कुठलं, खत काय, किडीला काय करायचं, हे सांगणारं कोणी पाहिजे.

राजधानीजवळ चापिंगो नावाच्या गावी एका जुन्या जमीनदाराच्या हवेलीत राष्ट्रीय कृषी विद्यालय सुरू झालं होतं. खानखोजे तिथं प्राध्यापक झाले. भाषा स्पॅनिश, ती शिकून घेतली. वर्गात शिकवून त्यांचं भागलं नाही. शेतकऱ्यांच्या संघटनांना हाताशी धरून त्यांनी गावच्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. आज आपल्याकडं कृषी विभाग बांधावर शेतीशाळा घेतो, ही कल्पना त्याच जातीची. फरक एवढाच की खानखोजेंच्या शाळेत येणाऱ्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं.

त्यांचं मोठं काम मक्यावर झालं. मका हे पीक मुळात मेक्सिकोचं. आपली मिरचीही तिकडचीच. तिथल्या गरिबाची भाकरी म्हणजे मक्याची तोर्तिया. मक्याचा एक रानटी भाऊबंद तिथं बांधावर उगवतो, त्याला टिओसिंटे म्हणतात. कणीस बोटाएवढं, दाणा दगडासारखा, पण झाड काटक. खानखोजेंनी मक्याचा या रानटी जातीशी संकर केला आणि नवे वाण काढायचे प्रयोग केले. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवर त्यांची पुस्तिका निघाली. तिच्यातले फोटो तीना मोदोत्तीनं काढलेले. ही इटलीची बाई जगातल्या नावाजलेल्या फोटोग्राफरांत मोजली जाते. मक्याशिवाय गहू, कडधान्यं यांवरही त्यांनी काम केलं. दुष्काळ आणि थंडी सोसणारं बियाणं कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती द्यायचं, हा त्या कामाचा रोख.

मेक्सिकोचा सगळ्यात मोठा चित्रकार दिएगो रिव्हेरा. त्यानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीच्या भिंती रंगवल्या. त्यात एक चित्र आहे, नाव आमची भाकरी असं. टेबलाभोवती साधी माणसं बसली आहेत आणि मधला माणूस पाव मोडून सगळ्यांना वाढतो आहे. तो माणूस म्हणजे वर्ध्याचा पांडुरंग खानखोजे. चित्रातल्या त्या पंगतीत यजमान म्हणून परदेशातून आलेला माणूस बसवला, यावरून तिथल्या लोकांनी त्याला किती आपलं केलं होतं ते समजा.

१९३६ मध्ये त्यांनी लग्न केलं. बायको बेल्जियमची, जीन सिंदिक. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. मुलींची नावं पाहा. घर मेक्सिकोत, आई युरोपची, पण नावं आपल्या मातीची. यातल्या सावित्री साहनी यांनी पुढं वडिलांचं चरित्र लिहिलं, त्यामुळं हा सगळा इतिहास आपल्यापर्यंत आला.

घरी यायला किती वर्षं लागली

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं ते घडलं. आता यायला काय हरकत? पण हरकत निघाली. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं. इंग्रज गेला, यादी मात्र दप्तरात तशीच राहिली. त्यामुळं स्वतंत्र देशानंच आधी त्यांना प्रवेश नाकारला. सरकारी कागदाचा हिसका तुम्ही-आम्ही सातबाऱ्यावर पाहतो, तो या माणसानंही पाहिला.

शेवटी १९४९ मध्ये ते आले, तेही तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या बोलावण्यावरून, शेतीविषयी सल्ला द्यायला. त्या वेळी या राज्याची राजधानी नागपूर होती आणि आपलं वऱ्हाड त्याच राज्यात होतं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. म्हणजे ज्या राज्याच्या शेतीसाठी त्यांना बोलावलं, त्यात आपली मातीही आली. बावीसचा पोरगा गेला होता, पासष्टीचा म्हातारा परत आला.

१९५५ मध्ये ते कुटुंबासह कायमचे नागपूरला राहायला आले. तिकडं प्राध्यापक, नावाजलेला शास्त्रज्ञ. इथं बहुतेकांना नावही माहीत नाही. गदरमधले सोबती फासावर गेले होते, काही परदेशातच वारले होते. जानेवारी १९६७ मध्ये खानखोजे नागपूरला वारले.

एक योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, भारतानं मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. हरितक्रांतीची सुरुवात त्या बियाण्यानं झाली. ते वाण खानखोजेंचे नव्हते, ते नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सोबत्यांच्या कामातून आले. पण मेक्सिकोच्या मातीतून हिंदुस्थानी शेतकऱ्याची भूक भागू शकते, हे म्हातारपणी या माणसाच्या डोळ्यासमोर घडलं. २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात खानखोजेंचा पुतळाही बसला.

मग आपल्या पोरानं काय करावं?

ही सगळी गोष्ट मी घरी सांगितली. आजीनं मधे एकच विचारलं, त्याले घरी याले किती वर्षं लागले? मी सांगितलं, चाळीसच्या वर. आजी उठून आत गेली. पुतण्या मात्र ऐकत बसला.

खानखोजेंसारखं कोणी व्हावं असं माझं म्हणणं नाही. ते देशासाठी गेले, आपली पोरं पोटासाठी जातात, आणि पोटासाठी जाण्यात कमीपणा काही नाही. पण त्यांच्या आयुष्यातून मला तीन प्रश्न भेटले, ते मी पुतण्यासमोर ठेवले.

पहिला, तू तिकडून काय आणणार आहेस? पैसा येतो अन् जातो. खानखोजेंची बंदूक वाया गेली, शास्त्र कामी आलं. तिकडं पाच वर्षं नुसत्या पेट्या उचलणार असशील तर परत आल्यावर हात रिकामेच. ठिबक, शेडनेट, दुधाचं काम, मशिनचं काम, काहीतरी अंगात घेऊन येणार असशील तर बात वेगळी.

दुसरा, परत यायचा रस्ता तुझ्या हातात राहणार आहे का? खानखोजेंचा राहिला नव्हता, इंग्रजांनी तो बंद केला होता. आज रस्ता बंद करायला पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला तरी पुरतं, किंवा घरची जमीन गहाण पडली तरी पुरतं. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडं नोंदणी लागते, आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाईटवर मोबाईलवरच पाहता येते. पैसे देण्याआधी हे पाहायला दहा मिनिटं लागतात.

तिसरा, मागं कोण आहे? म्हातारे किती वर्षांचे, शेत कोण पाहणार, आजारपण आलं तर दवाखान्यात कोण नेणार. जाणारा एकटा जातो, पण निर्णय सगळ्या घराचा असतो.

आम्ही त्या एजंटाचं नाव यादीत शोधलं. भेटलं नाही. पैसे भरायचे थांबले. पण पोराच्या मनातून बाहेर जायचं गेलेलं नाही, आणि जावं असं मलाही वाटत नाही. तो आता नोंदणी असलेली, काम शिकवणारी जागा शोधतो आहे. आजीनं दोन दिवसांनी त्याला स्वतः विचारलं की तो मेक्सिको कुठं आला. पोरानं मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. आजीनं बोटानं वाशिमपासून तिथपर्यंत अंतर मोजून पाहिलं, काही बोलली नाही.

रात्रीची लाईट आली होती. मी अन् भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला निघालो. पोरगाही सोबत आला.